शत्रू टेबलावर असताना

(दृश्य : परळ, केईएमचं आवार)

युद्धात डॉक्टरनं तटस्थ राहायचं, म्हणजे नेमकं काय करायचं? सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथेच, जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले. जपाननं चीनवर हल्ला केला, तेव्हा काँग्रेसनं चीनच्या मदतीला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. कोटणीस त्यातले एक. सप्टेंबर १९३८मध्ये हे पथक मुंबईहून बोटीनं निघालं. कोटणीस परतले नाहीत. डिसेंबर १९४२मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच वारले.

ते तटस्थ होते का? मुळीच नाही. पथक एका राजकीय पक्षानं धाडलेलं, आणि कोटणीसांनी काम केलं ते चिनी कम्युनिस्टांच्या फौजेत. त्यांनी उघडपणे बाजू घेतली होती, आणि त्यात मला काहीच गैर वाटत नाही.

कारण युद्धात डॉक्टरनं मतं सोडावीत, असं कुणी म्हणतच नाही. युद्धातल्या जखमींबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, म्हणजे १९४९चा पहिला जिनिव्हा करार, सांगतो ते एवढंच : जखमींमध्ये राष्ट्र, धर्म, राजकीय मत पाहून भेद करायचा नाही. आधी कुणाला घ्यायचं, ते वैद्यकीय निकडीवरच ठरेल. नाडी लागते का, रक्त थांबतंय का, एवढंच बघायचं. शत्रूच्या पोटात गोळी आणि आपल्या जवानाच्या दंडाला खरचटलेलं असेल, तर टेबलावर आधी शत्रू. ऐकायला कठीण आहे, पण भारतानं हे मान्य केलंय, त्यासाठी १९६० साली कायदाही केलाय.

(दृश्य : मुंबई सेंट्रल, नायर रुग्णालय)

२६ नोव्हेंबर २००८. ते युद्ध नव्हतं, हल्ला होता. पण कसोटी तीच. अतिरेकी कामा रुग्णालयात घुसले, दोन पहारेकऱ्यांना त्यांनी मारलं. वर सिस्टरनी वॉर्डाची दारं लावली, दिवे मालवले, गरोदर बायकांना आत लपवलं. शहरातल्या रुग्णालयांत जखमींची रीघ लागली होती. त्याच रात्री जिवंत पकडलेल्या कसाबला पोलिसांनी नायरमध्ये आणलं. डॉक्टरांनी त्याच्यावर उपचार केले. त्या रात्री ते हात कसे चालले असतील, याचा विचार केला की आजही मान आदरानं झुकते.

तटस्थ राहायचं म्हणजे गप्प बसायचं, असा मात्र अर्थ नाही. पुढे कामा रुग्णालयातल्याच एका परिचारिकेनं कसाबला ओळखलं आणि कोर्टात उभं राहून साक्ष दिली. खटला चालला, अपिलं झाली, आणि २०१२मध्ये येरवड्यात त्याला फाशी झाली. त्याच्या शिक्षेचा निवाडा न्यायाधीशांनी केला. कॅज्युअल्टीत त्याची फक्त जखम तपासली गेली.