खोत ओळखायचा कसा?

श्रोतेहो, नमस्कार.

अलिबागच्या खारेपाटात आमचं घर. ओटीच्या भिंतीवर गेरूने काढलेला एक खटारा होता. खटारा म्हणजे बैलगाडी, शेतकरी कामगार पक्षाची निशाणी. काढणाऱ्याचा हात काही बसलेला नव्हता, एक चाक मोठं आणि एक लहान आलं होतं. निवडणूक होऊन दोन-तीन वर्षं उलटली तरी दिवाळीला भिंतीला चुना देताना आजी तेवढा भाग सोडून हात फिरवायची. तिला कोणी तसं सांगितलं नव्हतं. देवाची तसबीर असावी तसा तो खटारा तिथे होता.

आज आमच्या गावात अशी भिंत शोधून सापडायची नाही. तेव्हा शेकापचं, म्हणजे या शेतकरी कामगार पक्षाचं काय झालं, आणि त्यातून काही उभं राहू शकतं का, याबद्दल आज बोलणार आहे. मी पक्षाचा सभासद नाही. पण त्या भिंतीखाली अभ्यास केलेला आहे, त्यामुळे तटस्थ असल्याचा आवही आणत नाही.

आजीचं माहेर अलिबाग तालुक्यातल्या चरीजवळचं. 27 ऑक्टोबर 1933 ला चरीच्या सभेत शेतकऱ्यांनी ठरवलं, की खोतांची, म्हणजे सारावसुली करणाऱ्या जमीनदारांची, जमीन कसायची नाही. भात पिकवायचा आपण, आणि अर्ध्याहून जास्त जायचा खोताच्या कोठारात, हे बंद. नारायण नागू पाटील त्या संपाचे पुढारी. बाबासाहेब आंबेडकर पाठीशी उभे राहिले. पंचवीस गावांनी जवळजवळ सहा वर्षं शेतं ओसाड ठेवली. आजी तेव्हा लहान होती. ती सांगायची, 'आई निवट्या-चिंबोऱ्या धरून आणायची, आणि भाताची चव आम्ही विसरलो होतो.' संप मिटला तो कुळाला कायद्याने कूळ म्हणून मान्यता मिळण्याच्या वाटेवर.

शेकाप त्यानंतरचा. वर्धापनदिन 2 ऑगस्टला, साल 1947. काँग्रेसमध्ये राहून शेतकरी-कामगारांचं राज्य येणार नाही, असं वाटणारे केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्यासारखे लोक बाहेर पडले. 1950 मध्ये मालेगावजवळच्या दाभाडीला पक्षाने मार्क्सवादाची दिशा स्वीकारली. पण खारेपाटात तो रुजला तो दाभाडीच्या प्रबंधामुळे नव्हे. तो वाचलेली माणसं आमच्या गावात दोनच असतील, त्यातले एक शाळामास्तर. पक्ष रुजला, कारण खोत कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचा वाडा दिसायचा, दिवाणजी दिसायचा, कोठार दिसायचं. एकमेकांना 'भाई' म्हणणाऱ्या या माणसांना समोर कोण उभं आहे, हे कुणी समजावून द्यावं लागत नव्हतं.

रेडिओवर आकडे कंटाळवाणे होतात, म्हणून थोडेच सांगतो. 1957 ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत शेकापचे 31 आमदार मुंबई राज्याच्या विधानसभेत गेले. 1967 ला 19. कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते होते, उद्धवराव पाटील बोलायला उभे राहिले की सत्ताधारी बाकंही ऐकायची. 1977 ला पाच खासदार. आणि 2009 ला चार आमदार, 2014 ला तीन, 2019 ला एक, 2024 ला एक.

ही उतरण एका रात्रीतली नाही. पहिला धक्का तर पक्ष पुरता चालायलाही लागला नव्हता तेव्हाच बसला. जेधे, मोरे पुन्हा काँग्रेसमध्ये गेले. यशवंतराव चव्हाणांचं बेरजेचं राजकारण सुरू झालं, आणि त्या बेरजेत शेकापचे एकेक मोहरे मिळवले गेले. मला विचाराल तर चव्हाणांनी नेली त्यापेक्षा जास्त माणसं साखर कारखान्याने नेली. ऊस लावलेल्या शेतकऱ्याला शेअर मिळाला, सोसायटीचं कर्ज मिळालं, पोराला कारखान्यात चिकटवता आलं. एवढं सगळं चेअरमनच्या दारात मिळत असेल तर लाल बावट्याखाली उन्हात कोण बसेल? नकाशा समोर ठेवून बघा. शेकाप टिकला तो बहुतेक करून जिथे ऊस पोचला नाही तिथे. आमचा खारा खारेपाट, कोरडा सांगोला, केशवराव धोंडग्यांचं कंधार. कोल्हापूरकर लगेच मला करवीर ऐकवतील, ते मान्य. अपवाद आहेतच.

दुसरा धक्का मात्र रायगडातला, आणि तो पक्षाला स्वतःच्या विजयातून बसला.

1970 ला शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली, नवी मुंबईसाठी पनवेल-उरणच्या जमिनी संपादनात गेल्या. मग न्हावा-शेवा बंदर. भाव एकरी किती, याच्यावरून शेकापच्या दि. बा. पाटलांनी लढा उभा केला. जानेवारी 1984 मध्ये जासई भागात गोळीबार झाला, सलग दोन दिवस, पाच शेतकरी गेले. त्यातून साडेबारा टक्क्यांची योजना आली. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. शेकापने मिळवून दिलेली ही मोठी गोष्ट. देशात अनेक ठिकाणी लोक नंतर त्याचा दाखला द्यायला लागले.

आणि त्याच दिवसापासून पक्षाचा मतदार बदलायला लागला. काल ज्याच्या हातात नांगर होता तो भूखंडाचा धनी झाला. कुणी भूखंड बिल्डरला दिला, कुणी डंपर घेतले, कुणी बंदरावर माणसं पुरवण्याचा ठेका घेतला. दोष देत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही डंपर घेतला असता. पण शेतकऱ्याच्या पक्षाला आता शेतकरीच उरला नाही, आणि जो उरला होता त्याला पक्षाने नवीन नावाने हाक मारली नाही.

जमीन म्हटली की पक्ष अजूनही जागा व्हायचा. 2008 ला पेणमधल्या बावीस गावांत सेझवर, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रावर, जनमत घेतलं गेलं, शेकापचे एन. डी. पाटील सर त्या वयात गावोगाव फिरले, आणि तो सेझ काही झाला नाही. म्हणजे अंगात रग होती. पण ती रग फक्त सातबाऱ्यापुरती होती.

पक्षाच्या नावातला दुसरा शब्द आठवतो का? कामगार. हा बिचारा पहिल्यापासून पाहुणाच राहिला. मुंबईच्या गिरण्यांमध्ये कम्युनिस्ट होते, समाजवादी होते, पुढे दत्ता सामंत आले. शेकापचा कामगार म्हणजे गिरणीत गेलेला शेतकऱ्याचा मुलगा, भात कापायला गावी परत येणारा. तळोज्याला, थळला, उरणला कारखाने उभे राहिले तेव्हा पक्षाने मागितलं काय? भूमिपुत्राला नोकरी. मागणी रास्तच. पण नोकरी लागल्यावर त्या नोकरीचं काय करायचं, हे कोणी फारसं विचारलं नाही.

राहता राहिला घराण्याचा प्रश्न. आमच्याकडे पक्ष एका घराभोवती फिरत राहिला, नारायण नागूंपासून चौथ्या पिढीपर्यंत. त्या घराने खूप केलंय, 'कृषीवल' हे वर्तमानपत्र चालवलं, जेल भोगला, हे नाकारणारा मी कोण? पण 2024 ला त्याच घरातले जयंतभाई पाटील विधान परिषदेत हरले, विधानसभेला 2019 मध्ये हातून गेलेलं अलिबागही परत आलं नाही, आणि पुढच्याच वर्षी त्याच घरातले माजी आमदार भाजपमध्ये गेले. घर फुटलं तेव्हा पक्षाकडे घराबाहेरचं दुसरं काही हाताशी नव्हतं. आणि लोकसभेचं तर काय सांगू? खारेपाटातल्या मतदाराला 2009 ला सांगितलं शिवसेनेच्या अनंत गीत्यांना मत द्या, 2019 ला सांगितलं गीत्यांना पाडा, राष्ट्रवादीच्या सुनील तटकरेंना द्या, 2024 ला सांगितलं पुन्हा गीत्यांना द्या. आजी असती तर तिने विचारलं असतं, 'भाई, आधी तुमचं ठरवा, मग मी ओटी सारवते.'

सांगोल्याचं उदाहरण लोक आशेने देतात. गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले, एसटीने विधानसभेत जायचे, सूतगिरणी नीट चालवून दाखवली, नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदेत वर्षानुवर्षं दुष्काळी तालुक्यांचं गाऱ्हाणं मांडत राहिले. 2019 ला ते उभे राहिले नाहीत आणि पक्ष 768 मतांनी हरला. 2024 ला सांगोला परत आला. दोन्ही वेळचे उमेदवार त्यांचे नातू. त्यामुळे सांगोल्याकडे बघून मला आनंद होतो, पण उत्तर सापडल्यासारखं वाटत नाही.

मग सुधारणा म्हणजे काय? नवा झेंडा, नवी निशाणी, तरुण चेहरा, हे सगळे पक्ष करतात आणि त्याने पोस्टर बदलतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की या पक्षाने आपला खोत पुन्हा शोधावा. तालुक्यात सभासद किती, त्यांची नावं काय, त्यांनी चिटणीस मतदानाने निवडला का, हे आधी कागदावर येऊ द्या. आणि चिटणीसपदावर ठेकेदार नको. हे मी जरा कडक बोलतोय, पण त्याला कारण आहे.

गेल्या पावसाळ्यात उरण रस्त्यावर एका टपरीवर थांबलो होतो. शेजारी पंचविशीचा मुलगा, अंगात कंपनीचं जॅकेट, रात्रपाळीची बस यायची होती. गाव विचारलं तर आमच्याच पट्ट्यातला निघाला. त्याचे पणजोबा चरीच्या संपात होते, हे त्याला ऐकून माहीत होतं. बोलता बोलता त्याने पाकिटातून तीन गेटपास काढून टपरीच्या फळीवर ठेवले. तिन्हींवर त्याचाच फोटो, वरच्या बाजूला कंपनीचं तेच नाव. खाली ठेकेदाराचं नाव मात्र तीन वेगवेगळं. पाच वर्षं तो एकाच यार्डात काम करतोय. ठेकेदार बदलला की नोकरी पहिल्या दिवसापासून मोजायची, मागचा फंड मागच्याकडे मागायचा. मागचा ठेकेदार गावातलाच, लग्नाला आहेर घेऊन येणारा.

"काका," तो म्हणाला, "पणजोबांना निदान माहीत होतं कोणाची जमीन कसायची नाही ते. यातला माझा मालक कोण, सांगा."

मी तिन्ही पास हातात घेऊन पुन्हा वाचले. एकाचं लॅमिनेशन सुटून आत पाणी गेलं होतं, ठेकेदाराचं नाव पुसट झालं होतं. तेवढ्यात बस आली. त्याने माझ्या हातातून पास घेतले, वरचा एक गळ्यात अडकवला, बाकीचे दोन पाकिटात ठेवले आणि तो पळत जाऊन चढला.

नमस्कार.