पावडरीपायी लेकराला अंगावरून तोडू नका

(स्तनपान सप्ताहात लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, आशाताई आणि नव्या आयांसमोर केलेलं बोलणं. थोडं नीट करून लिहिलंय.)

नमस्कार. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, मेडिकलच्या काउंटरमागं उभी राहणारी बाई. त्यामुळं कोणाला कोणतं औषध लागतं ते मी ठरवत नाही, पण घरी नेल्यावर त्या औषधाचं काय होतं ते माझ्या कानावर सगळ्यात आधी येतं.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. एक पोरगी आली, सिझर होऊन बारा-तेरा दिवस झालेले, अँटिबायोटिक चालू होतं म्हणून पोट बिघडलं, तर डॉक्टरांनी पोटासाठी प्रोबायोटिकचे, म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत जिवाणूंच्या पावडरीचे सॅशे लिहून दिले. शेजारच्या बाईनं सांगितलं की अगं ह्यात जिवंत जंतू असतात, ते दुधात उतरतील, लेकराला जुलाब लागतील. झालं, हिनं चार दिवस लेकराला अंगावर घेतलंच नाही, वरचं दूध सुरू केलं, इकडं छाती दगडासारखी झाली, ताप भरला, आणि लेकरू बाटलीला लागलं ते परत छातीला तोंड लावीना. पावडरीनं तिला काहीच केलं नव्हतं हो. जे झालं ते पाजणं थांबवल्यामुळं झालं. मला आज जे सांगायचंय ते एवढंच आहे, बाकी सगळं त्याच्या भोवतीचं.

ह्या सॅशेत, कॅप्सुलीत बहुतेक वेळा लॅक्टोबॅसिलस नाहीतर बिफिडोबॅक्टेरियम नावाचे जिवाणू असतात, काहींमध्ये सॅकरोमायसिस बोलार्डी असतं, ते यीस्ट आहे, म्हणजे बुरशीच्या जातीतलं. हे आतड्यात राहतात, तिथंच काम करतात आणि शीवाटे निघून जातात, गोळीसारखे विरघळून रक्तात जात नाहीत. म्हणून दुधात उतरण्यासारखं फारसं काही नसतं, आणि एखादा पोचलाच तरी नऊ महिने भरून जन्मलेल्या धडधाकट लेकराला त्यानं अपाय झाल्याचं दिसलेलं नाही. आईच्या दुधात तसेही जिवाणू असतातच की! १९०० च्या सुमाराला पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हेन्री टिसिए नावाच्या डॉक्टरांना बिफिडो जिवाणू पहिल्यांदा सापडले ते कुठं, तर अंगावर पिणाऱ्या लेकरांच्या शीमध्ये. आणि पुढं कळलं की आईच्या दुधात २०० च्या वर प्रकारच्या अशा साखरा असतात ज्या लेकराला स्वतःला पचतच नाहीत, त्या ह्या जिवाणूंचं खाणं आहे. म्हणजे माय लेकराला पाजते तेव्हा त्याच्या पोटातल्या ह्या सोबत्यांनापण पाजते. मला ही गोष्ट कितीदा सांगितली तरी नवी वाटते.

आता सासूबाई, मावशी, जरा तुमच्याकडं बघून बोलते. आपल्याकडं बाळंतिणीला सगळं गरम द्यायची रीत, पाणीसुद्धा ओवा-बडीशेप टाकून उकळलेलं. ते प्रेमापोटी असतं, मला मान्य आहे. पण कितीतरी घरांत तो सॅशे उकळत्या दुधात नाहीतर चहात टाकून देतात, आणि त्यातले जिवाणू तिथंच मरतात, मग सून म्हणते पावडरीनं काही फरक पडंना. साध्या पाण्यात नाहीतर गार झालेल्या दुधात कालवा आणि लगेच प्या, कालवून ठेवू नका. बॅसिलस क्लॉसी म्हणून जे छोट्या बाटलीत पातळ येतं ते बीजाणूच्या रूपात असतं, म्हणजे टणक कवचात झोपलेला जिवाणू, ते गरमी बरीच सोसतं, पण म्हणून सगळ्यांना तोच नियम लावू नका. काही पाकिटांवर २ ते ८ डिग्रीत ठेवा असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं जातो, एसटीत पिशवी दोन तास उन्हात, घरी गेलं तर लाईट नाही. तेव्हा घ्यायच्या आधीच विचारा, बाहेर टिकणारं आहे का, फ्रिजमधलं आहे. उन्हाळ्यात फ्रिजवालं घेत असाल तर बर्फासोबत मागा, द्यायला पाहिजे दुकानदारानं.

अँटिबायोटिक चालू असेल तर दोन्ही एकदम गिळू नका. अँटिबायोटिकला कोणता जंतू चांगला, कोणता वाईट हे कळत नाही. मध्ये दोनेक तासांचं अंतर ठेवा. यीस्टवाल्याला अँटिबायोटिकनं काही होत नाही, पण बोंडाला बुरशी झाली म्हणून फ्लुकोनाझोल चालू असेल तर मात्र ते यीस्ट मरतं. अशा वेळी दोन्ही चिठ्ठ्या घेऊन या, एकच चिठ्ठी दाखवली तर मला हे कळणार कसं?

पाकीट वाचायची सवय लावा. बिलियन सीएफयू म्हणजे जिवंत जिवाणूंची मोजणी, १ बिलियन म्हणजे १०० कोटी, आणि आकडा मोठा म्हणजे माल चांगला असं काही नसतं. जिवाणूचं पूर्ण नाव आहे का, एक्सपायरी काय, सोबत अजून काय काय मिसळलंय ते बघा. फूड सप्लिमेंट म्हणून विकतात त्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे खाण्याच्या मालावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा १४ आकडी नंबर असतो, आणि औषधासाठी नाही असंही छापलेलं असतं, ते वाचत कोणी नाही. प्रोबायोटिक आणि जडीबुटी एकत्र असलेलं, दूध वाढतं, वजन उतरतं असं सांगून ऑनलाईन विकायलेत ते तर पाजणाऱ्या बाईनं अजिबात मागवू नये. दूध वाढतं ते लेकरू वरचेवर छातीला लावल्यानं. लेकराला गाईच्या दुधाची ॲलर्जी निघालेली असेल तर पावडरीत दुधाचा अंश आहे का तेही बघायचं.

सॅशे सुरू केल्यावर सुरुवातीचे दोन-चार दिवस आईचं पोट फुगतं, गॅस होतो, ते बसतं. पण शीतून रक्त, ताप, लघवी कमी, तोंड कोरडं असं असेल तर सॅशे बदलत बसू नका, ओआरएस सुरू करा आणि दवाखाना गाठा.

एक आशाताई मघाशी विचारत होत्या की मग दही-ताक काय वाईट आहे. वाईट काहीच नाही, ताई. भाकरीसोबत वाटीभर ताजं दही बाळंतिणीला सोसत असेल तर खुशाल द्या, त्यानं दूध गार पडत नाही की लेकराला सर्दी होत नाही. फक्त विरजणात कोणता जिवाणू किती आहे ते आपल्याला माहीत नसतं, म्हणून डॉक्टरांनी लिहिलेल्या सॅशेच्या जागी दही धरू नका. आणि धडधाकट बाईला काही त्रासच नसेल तर सॅशेची गरजही नाही, त्या पैशात शेंगदाणे, गूळ, पालेभाजी येते.

आता ज्यांनी मनानं घ्यायचंच नाही त्या. कॅन्सरचं औषध चालू आहे, अवयव बदललाय, मोठ्या डोसचं स्टिरॉइड चालू आहे, गळ्याजवळच्या मोठ्या शिरेत नळी टाकलेली आहे, अशा बाईत हेच साधे जिवाणू क्वचित रक्तात शिरतात आणि जिवावर बेततं. आणि लेकरू दिवसाच्या आधी झालेलं, काचेत ठेवलेलं असेल तर फार जपा. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, अशा कमी दिवसांच्या बाळांना प्रोबायोटिक देण्याबद्दल दवाखान्यांना इशारा दिला, तो एका बाळाच्या मृत्यूनंतर. अशा लेकराची माय स्वतः सॅशे घेत असेल तर तिथल्या डॉक्टरांना आधी सांगायचं, सॅशे काचेजवळ फोडायचा नाही, ती पावडर हवेत उडते, आणि दूध काढायच्या आधी हात साबणानं धुवायचे. आपल्या सॅशेतलं बोटभर लेकराला चाटवायचं तर नाहीच, घरी असलं तरी. सहा महिने फक्त आईचं दूध.

त्या पोरगीचं काय झालं ते राहिलंच. नर्सबाईंनी तिला उघड्या छातीवर लेकरू घेऊन बसायला लावलं, दर दोन तासांनी, मध्ये हातानं दूध काढून वाटी-चमच्यानं पाजलं. आठव्या दिवशी लेकरानं तोंड लावलं. सॅशे तिनं पूर्ण संपवले, पाजत पाजत.