पाइपमध्ये बसवलेली टी

दृश्य: रावेरजवळची केळीची बाग. ठिबकच्या मेन लाइनवर बसवलेला टी.

निवेदन: मेन लाइनचं पाणी पुढेही जातं आणि फाट्यालाही मिळतं. युनिक्स या संगणक प्रणालीतल्या टी कमांडला नाव मिळालं ते याच जोडावरून: आलेला मजकूर ती पुढे पाठवते आणि फाइलीतही उतरवते. युनिक्स घडवणाऱ्यांपैकी डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे केन थॉम्पसन यांनी 1973 मध्ये युनिक्समध्ये पाइप आणला, म्हणजे एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला देणारी ‘|’ ही सोय. पण पाइपमधून गेलेल्या मजकुराची मागे नोंद राहत नाही. ती हवी असेल तर मध्ये टी लावायची.

दृश्य: टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी. केळीच्या भावांची फाइल.

सॉर्ट भाव | टी यादी | हेड -5

सॉर्ट ओळी क्रमाने लावते, हेड -5 पहिल्या पाच दाखवते. पडद्यावर पाच ओळी, ‘यादी’ फाइलीत सगळं. फाइल छोटी असेल तोवर. आता लाखभर ओळींची फाइल द्या आणि ‘यादी’ची शेवटची ओळ बघा: ‘चोपडा,2024-0’. तारीखसुद्धा पूर्ण नाही. पाच ओळी मिळाल्या की हेड बंद होते. समोरचं टोक बंद झालेल्या पाइपमध्ये टी लिहायला जाते, तिला सिगपाइप, म्हणजे पाइप तुटल्याचा सिग्नल मिळतो आणि ती जागीच संपते. उरलेला माल फाइलीत उतरतच नाही. एरर मेसेजही येत नाही, म्हणून ही चूक फार महागात पडते. लिनक्सवरच्या जीएनयू टीला -पी हा पर्याय द्या. मग पाइप तुटला तरी ती फाइल शेवटपर्यंत लिहिते.

दृश्य: लॉग फाइल.

कमांडचं आउटपुट 1 नंबरच्या वाटेने निघतं, एरर 2 नंबरच्या. पाइप फक्त 1 उचलतो. म्हणून ‘फाइल सापडली नाही’ हे पडद्यावर दिसतं, लॉगमध्ये नाही. दोन्ही हवं तर 2 ला 1 मध्ये वळवा (भावआणा ही भाव आणणारी आपली कमांड):

भावआणा 2>&1 | टी -ए लॉग

-ए म्हणजे जुन्याच्या शेवटी जोड; ते विसरलात तर जुना लॉग पुसला जातो.

टी न वापरता थेट फाइलीत टाकताना ‘> लॉग 2>&1’ हाच क्रम ठेवा. शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, डावीकडून उजवीकडे जातं. 2>&1 आधी लिहिलं, तर त्या क्षणी 1 टर्मिनललाच जोडलेलं असतं; एरर तिकडेच जाते.

दृश्य: स्क्रिप्टची पहिली ओळ.

भावआणा | टी लॉग && पाठवा

‘पाठवा’च्या आधीची खूण सांगते: आधीचं यशस्वी झालं तरच पुढचं चालवा. पण इथे भावआणा फसली तरी ‘पाठवा’ चालते, कारण पाइपलाइनचा निकाल शेवटच्या कमांडचा धरतात, आणि टीने तर आपलं काम नीट केलेलं असतं. बॅश या शेलच्या स्क्रिप्टमध्ये वरतीच ‘सेट -ओ पाइपफेल’ लिहा. मग पाइपलाइनमधली कोणतीही कमांड फसली तर पुढचं काम थांबतं.