मुलाला ॲडमिट करायची वेळ येते तेव्हा

(नाशिकमध्ये कॉलेज रोडवरच्या एका सभागृहात, पालक आणि शिक्षकांपुढे एका मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. दहावी-बारावीच्या मुलांचे आईवडील आज जास्त दिसताहेत. काही शिक्षक आहेत, मागच्या रांगेत आजी-आजोबाही आहेत. मी एकाच प्रश्नाबद्दल बोलणार आहे. वयात आलेल्या मुलाला मनाच्या आजारासाठी हॉस्पिटलात ठेवायची वेळ आली, हे कशावरून ओळखायचं आणि ते करायचं कसं?

आधी एक भीती बाजूला ठेवूया. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांना ॲडमिट करावं लागत नाही. परीक्षेची धास्ती, उदासी, घरातली भांडणं, मोबाइलवरून होणारी ओढाताण, अगदी डिप्रेशनचं निदान झालं तरीसुद्धा बरीच मुलं घरी राहून, औषधं आणि समुपदेशन घेऊन बरी होतात. आजाराचं नाव किती भारी आहे, यावर ॲडमिट करणं ठरत नाही. आज रात्री हे मूल आपल्या घरात सुरक्षित राहील का, यावर ते ठरतं. उत्तर 'नाही' असेल, किंवा 'सांगता येत नाही' असेल, तर थांबायचं नाही.

हे उत्तर मिळवायचं तर मुलाला विचारावं लागतं, आणि तिथेच आपली जीभ अडखळते. पालक म्हणतात, 'डॉक्टर, आपण विचारलं आणि त्याच्या डोक्यात नसलेलं आलं तर?' तसं होत नाही. हे अनेकदा अभ्यासून पाहिलेलं आहे. विचारल्याने आत्महत्येचा विचार रुजत नाही, उलट मुलाला मोकळं वाटतं. म्हणून सरळ विचारा. 'तुला जगू नये असं वाटतं का? मरायचा विचार येतो का? कसं करायचं हे ठरवलंयस का?' आवाज चढवू नका, शपथा घालू नका, 'आमचं काय होईल याचा विचार केलास का' हे तर अजिबात म्हणू नका. 'कधीतरी वाटतं, पण मी काही करणार नाही' असं उत्तर आलं, तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. काही ठरवलेलं असेल, त्याची जमवाजमव केली असेल, आधी एकदा प्रयत्न झालेला असेल, जिवलग वस्तू मित्रांना देऊन टाकायला सुरुवात केली असेल, किंवा 'आजची रात्र नीट राहीन' एवढंही त्याला सांगता येत नसेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तोवर मुलाला एकटं सोडू नका, बाथरूमला गेलं तर बाहेर उभे राहा.

आपल्या जिल्ह्यासाठी एक गोष्ट मी प्रत्येक ठिकाणी सांगतो. निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडच्या कितीतरी घरांत द्राक्षबागेची फवारणीची औषधं पडवीत, जिन्याखाली, कधी मुलाच्या अभ्यासाच्या खोलीतही ठेवलेली असतात. मूल खचलेलं असेल तर ती घरातून काढा. कुलूप चांगलं, पण वस्तीपासून दूरची शेड किंवा भावकीतल्या कुणाचं गोदाम त्याहून चांगलं. आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्यासुद्धा डब्यात कुलूपबंद ठेवा. टोकाची लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते. त्या वेळात हाताशी काही नसलं तर जीव वाचतो, आणि वाचलेली बहुतेक मुलं पुढे आत्महत्येने मरत नाहीत.

दुसरा प्रसंग वेगळा असतो, कारण त्यात मूल दुःखी दिसतच नाही. दोन-तीन घरांचं एकत्र करून, ओळख बदलून सांगतो. सतरा वर्षांचा मुलगा. गोडी छाटणीचे, म्हणजे द्राक्षवेली छाटायचे दिवस, मजुरांची टोळी बागेत, घरात सगळ्यांची धावपळ. हा पोरगा चार रात्री झोपला नव्हता आणि तरी थकलेला नव्हता. पहाटे तीनला पॅकिंगच्या शेडमध्ये जाऊन भिंतीवर मार्करने निर्यातीच्या कंपनीचा आराखडा काढायचा. बाण, चौकोन, आकडे, पार छतापर्यंत, क्रेटवर क्रेट रचून त्यावर चढून. वडिलांच्या फोनवरून त्याने तीन ट्रॅक्टरची बोलणी केली होती. घरचे सुरुवातीला खूशच होते, शेतीत लक्ष घालतोय म्हणून. मग एका रात्री तो मोटरसायकलचे दिवे बंद करून आग्रा हायवेला लागला. त्याची खात्री होती की त्याला काही होणारच नाही. वडील मला म्हणाले, 'साहेब, छाटणीचे आठ दिवस जाऊ द्या, मग आणतो.' मी म्हटलं, छाटणी भाऊबंद बघतील, याला आजच ठेवायचं. हा उन्मादाचा, म्हणजे मॅनिया या आजाराचा झटका होता. त्याला सुरक्षित जागा, झोप आणि औषध हवं होतं, आणि तिन्ही गोष्टी घरी मिळणं शक्य नव्हतं.

असंच ज्या मुलाला आवाज ऐकू येतात आणि ते त्याला काही करायला सांगतात, ज्याला घरचेच आपल्या जेवणात काही मिसळतात असं वाटून तो उपाशी राहतो, किंवा जो तासन् तास एकाच जागी गप्प बसतो, पाणीसुद्धा घेत नाही, त्याचं. 'बाहेरचं झालंय' म्हणून कुणी देवऋषीकडे नेतं. तुम्ही काळाराम मंदिरात दर्शन घ्या, त्र्यंबकला जा, माझी हरकत नाही. पण मुलाला आधी दवाखान्यात आणा. आणि हे सगळं एक-दोन दिवसांत अचानक सुरू झालं असेल, सोबत ताप, झटके किंवा भ्रमिष्टपणा असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात न्या. मेंदूज्वर हुबेहूब मनोविकारासारखा दिसू शकतो.

वजन कमी करण्याच्या नादात जेवणच सोडलेल्या मुलींना, आणि आता मुलांनाही, आधी शरीरासाठी ॲडमिट करावं लागतं. चक्कर, खूप मंद नाडी, पाळी बंद होणं, ही लक्षणं थांबण्यासारखी नसतात.

आता कायदा. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ सालचा आहे, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी त्यात वेगळं कलम आहे. अर्ज पालकांनी करायचा. दोन जणांनी मुलाला स्वतंत्रपणे तपासायचं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ असलाच पाहिजे. दोघांचंही मत पडलं पाहिजे की आजार तेवढा तीव्र आहे आणि हॉस्पिटलाबाहेर भागणार नाही. मुलाची इच्छाही विचारात घ्यायची. त्याला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवायचं. आणि पूर्ण मुक्कामभर पालकाने किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाने सोबत राहायचं. मुलगी असेल आणि पालक पुरुष असेल, तर सोबतीला बाईमाणूस हवंच. याच कायद्याखाली नेमलेल्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला हॉस्पिटलने ७२ तासांच्या आत कळवायचं. मुक्काम ३० दिवसांपुढे गेला तर मंडळ त्याचा फेरविचार करतं. साखळीने बांधणं पूर्ण बंद आहे. विजेच्या उपचारांना, म्हणजे शॉक देण्याला, लहान मुलांच्या बाबतीत बंदी आहे, अगदी गरज पडली तर पालकांची संमती आणि मंडळाची पूर्वपरवानगी, दोन्ही लागतात.

सोबत राहायच्या या तरतुदीबद्दल मला फार वाटतं. काही ठिकाणी अजूनही सांगतात, 'मूल सोडून जा, महिन्याने या, तोवर भेट नाही.' असं कुणी म्हणालं, तर मुलाला तिथे ठेवू नका. रात्री गाडी पाठवून मुलाला उचलून नेतो म्हणणारी केंद्रं असतात, त्यांच्यापासून दूर राहा. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, प्रमाणपत्र दाखवा, असं स्पष्ट विचारा. रोज डॉक्टर बघतात का? इतक्या लहान वयाची मुलं इथे असतात का, ती कुठे झोपतात? अभ्यासाचं काय? हे प्रश्न विचारले म्हणून रागावणारी जागा तुमच्या मुलासाठी नाही. किशोरवयीन मुलांचा स्वतंत्र वॉर्ड असलेल्या जागा आपल्याकडे मोजक्याच आहेत. बेंगळुरूच्या निम्हान्स या मनोविकारांच्या राष्ट्रीय संस्थेत असा वॉर्ड आहे. सगळ्यांना तिथे जाण्याची गरज नसते. जनरल हॉस्पिटलातली स्वतंत्र खोली, सोबत आई आणि रोज बघणारा मानसोपचारतज्ज्ञ, एवढ्यावर बहुतेक मुलांचं भागतं. पैशांची अडचण असेल तर त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयापासून सुरुवात करा. आरोग्य विमा असेल तर, मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच संरक्षण द्यायला विमा कंपन्यांना याच कायद्याने बांधलेलं आहे. क्लेम नाकारला तर लेखी कारण मागा.

मुलाला काय सांगायचं? खरं सांगायचं. 'मामाकडे जाऊ' म्हणून गाडीत बसवलेली मुलं माझ्यासमोर आली आहेत. ती मुलं डॉक्टरवर रागावतात, पण आईवर जास्त. पुढे औषध देणारा हात आईचाच असतो आणि मूल त्या हाताकडे संशयाने बघतं. त्यापेक्षा असं म्हणा, 'तुला फार त्रास होतोय, आम्हाला घरी सांभाळणं जमत नाहीये. काही दिवस हॉस्पिटलात राहावं लागेल. मी तुझ्याबरोबर राहणार आहे.' ते चिडेल, रडेल. चिडू द्या. 'वागला नाहीस तर ॲडमिट करीन' ही धमकी मात्र कधीच देऊ नका. शिक्षा म्हणून ऐकलेल्या जागी कुणी बरं व्हायला जात नाही.

पहिल्या दिवशी पट्टा, नाड्या, चार्जरची वायर, कंपासपेटी काढून घेतात. नर्स रात्रीसुद्धा थोड्या थोड्या वेळाने येऊन बघून जाते. रक्ताच्या तपासण्या होतात. मोबाइलबद्दल प्रत्येक हॉस्पिटलचा नियम वेगळा असतो, आधी विचारून मुलाला सांगून ठेवा. मुक्काम बहुधा एक ते तीन आठवड्यांचा. तेवढ्यात आजार मुळापासून जात नाही. झोप लागते, धोका ओसरतो, औषध बसवलं जातं आणि घरच्यांशी दोन-चार बैठका होतात. त्या बैठकांना वडिलांनीही यावं. कंपनीत शिफ्ट आहे, मार्केटला माल आहे, हे मला ठाऊक आहे, तरी यावं.

सगळ्यांत जास्त काळजी मला घरी आल्यानंतरची वाटते. डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जोखमीचे असतात. घरात पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं आणि लक्ष सुटतं. घरी निघण्यापूर्वीच पुढची तारीख हातात घ्या, ती सात दिवसांच्या आत हवी. गोळ्या मोठ्यांच्या ताब्यात ठेवा. डिप्रेशनची औषधं लागू पडायला काही आठवडे लागतात, आणि या वयात सुरुवातीच्या दिवसांत अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढू शकतात. तसं दिसलं तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना लगेच फोन करा. शाळा किंवा क्लास अर्ध्या दिवसाने सुरू करा. शिक्षकांना माझी विनंती, 'कुठे होतास इतके दिवस?' हे वर्गात विचारू नका. मुलाची बाकावरची जागा तेवढी धरून ठेवा. शेजारीपाजारी विचारतील त्यांना 'तब्येत बरी नव्हती, आता बरी आहे' एवढं पुरे.

शेवटी एका आजींचा प्रश्न आला आहे, तो घेतो. 'मुलगा यायलाच तयार नाही आणि रात्रीचे दोन वाजलेत, तर?'

आजी, जिवाला धोका असेल तर सकाळच्या ओपीडीची वाट बघायची नाही. त्याने काही केलं असेल, काही घेतलं असेल, तर ॲम्ब्युलन्ससाठी १०८ला फोन. घरात हाणामारी, हत्यार असं असेल तर पोलिसांच्या मदतीसाठी ११२. जवळचं कुठलंही हॉस्पिटल चालेल, तिथे मानसोपचारतज्ज्ञ नसला तरी. तातडीच्या वेळी कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो, कायद्यात तशी सोय आहे. पोलीस केस होईल म्हणून लपवू नका. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली होता, असं कायदाच धरून चालतो, त्याला शिक्षा होत नाही. धोका तितका नसेल पण काय करावं सुचत नसेल, तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आणि घरात त्याचं ज्याच्याशी पटतं त्याला उठवा. बऱ्याच घरांत ते माणूस आजीच असते. तुम्ही त्याच्याजवळ बसा, बाकीच्यांना गाडी काढू द्या, आणि कुणालातरी त्याच्या चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि जुने कागद पिशवीत भरायला सांगा.