आणीबाणीसाठी डिझेल फोर बाय फोर घेताय? आधी ही बंद पडलेली गाडी बघा

हे बघा, सेल्फ मारतो. ऐकलंत? नुसतं घर्र घर्र, लागायचं नाव नाही. बिघाड काही नाहीये, काल रात्री मी हिची टाकी मुद्दाम कोरडी होईस्तोवर चालवलीय, आणि हा व्हिडिओ संपायच्या आत हिला तुमच्यासमोर चालू करायचीय. कारण पूर, भूकंप, वादळ, वणवा, कशासाठीही गाडी घेत असाल तरी ती किती दगडांवर चढते हे मी सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघायचं की ती बंद पडली आणि आसपास एकही मेकॅनिक नाही, तर तुम्हाला हातानं काय करता येईल.

आता डिझेलच का. वीज गेली की पंपावरची मोटरही बंद होते, जमिनीखाली टाकी भरलेली असते पण थेंब वर येत नाही, म्हणजे तुमच्याकडे जे आहे तेवढंच. आणि घरी कॅन ठेवायचा तर पेट्रोलची वाफ थंडीतसुद्धा ठिणगीची वाट बघत असते, डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगीनं पेटेल इतकी वाफ सुटायचं तापमान, साधारण ५२ अंशांच्या वर आहे. लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा जास्त, आणि गाडी नुसती उभी ठेवून इंजिन चालवलं तर अगदी कमी पिते. शिवाय स्पार्क प्लग नाही, म्हणजे ओल धरून मिसिंग वगैरे भानगड नाही.

पण डिझेल म्हणजे भरलं आणि विसरलं असंही नाही हां. अर्धी टाकी महिनोनमहिने उभी राहिली की वरच्या हवेतली वाफ थंड होऊन पाणी तळाला बसतं, आणि पाणी आणि डिझेलच्या सीमेवर जंतू वाढतात, काळा बुळबुळीत गाळ होतो, तो थेट फिल्टरमध्ये. बायोडिझेल मिसळलेलं असेल तर आणखी लवकर, कारण ते पाणी ओढतं. म्हणून टाकी भरलेली ठेवा, कॅनमधलं सहा महिन्यांनी गाडीत ओता आणि कॅन नव्यानं भरा. फिल्टरखालचा पाण्याचा कॉक अधूनमधून सोडायचा, दोन मिनिटांचं काम आहे, करत मात्र कोणी नाही.

आता मुख्य भांडण. जुनी पंप-नोझलवाली, म्हणजे यांत्रिक पंप आणि डिझेल फवारणारे साधे नोझल, की नवी कॉमन रेल, म्हणजे एकाच दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरांना कॉम्प्युटरच्या हुकमानं डिझेल देणारी?

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाला चालू राहायला जवळपास एकच वायर लागते, डिझेल सोडणाऱ्या सोलेनॉइडची, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या झडपेची. नोझल दीड-दोनशे बार दाबाला उघडतात. कॉमन रेलमध्ये हाच आकडा दोन हजार बारच्या घरात जातो, तिथे पाण्याचा थेंब आणि धुळीचा कण दोन्ही महागात पडतात, आणि पंपाचं ऑइलिंगच डिझेलवर चालतं, म्हणजे मी काल जे केलं, टाकी कोरडी पाडणं, ते नव्या गाडीत चुकूनही करू नका, पंप घासला की त्याचा चुरा इंजेक्टरपर्यंत जातो. जुन्यातसुद्धा हा दर रविवारचा खेळ नाहीये, व्हिडिओसाठी केलंय.

पण नव्या गाडीची खरी अडचण इंजेक्टर नाहीच, धुराड्यात आहे. डीपीएफ, म्हणजे काजळी पकडणारी जाळी. ती काजळी जाळायला साधारण ६०० अंश तापमान लागतं, त्यासाठी गाडी थोडा वेळ सलग पळावी लागते. आणीबाणीत आपण काय करतो? तासन् तास उभं राहून फोन नि बॅटऱ्या चार्ज करतो, ट्रॅफिकमध्ये मुंगीसारखे सरकतो, म्हणजे जाळीला जे अजिबात चालत नाही नेमकं तेच. मग लिंप मोड, म्हणजे कॉम्प्युटर ताकद कापतो आणि गाडी लंगडत चालते. त्यात ॲडब्लू, म्हणजे धूर साफ करायला धुराड्यात फवारायचं युरियाचं पाणी, असेल तर तो वेगळा साठा, उणे ११ अंशांना गोठतो, आणि संपला की गाडी एकदा बंद केल्यावर पुन्हा लागतच नाही. इंजिन ठणठणीत असतं, कॉम्प्युटर नाही म्हणतो. मला हे चीड आणतं, खरंच.

म्हणून जाणकार लोक टोयोटाच्या ७० सीरिजमधलं ४.२ लिटरचं वन एचझेड, निसानचं टीडी ४२, लँड रोव्हरचं ३०० टीडीआय असली नावं घेत बसतात. त्यात शर्यतीचा घोडा कुठलाच नाही, वन एचझेड ओव्हरटेकला रडतं, आणि त्याला नि ३०० टीडीआयला टायमिंग बेल्ट आहे, तो ठरल्या किलोमीटरला बदलला नाही तर रस्त्यातच निकाल. टीडी ४२ ला बेल्टऐवजी गिअर, ते त्या बाबतीत निवांत.

तरीही सरळ सांगतो, तुम्ही बॉनेट उघडणारच नसाल तर तीस वर्षं जुनी गाडी घेऊ नका. वेळेवर सर्व्हिस केलेली, रोज वापरातली नवी गाडी तुम्हाला बरी पडेल. जुनी गाडी हात मागते, आणि तो हात तुमचाच पाहिजे.

पाण्याबद्दल. स्नॉर्केल लावला म्हणजे बोट झाली असं समजणारे खूप भेटतात. तो फक्त हवा वरून घेतो, बास. डिझेलचं कॉम्प्रेशन १६ ते २२ पट, सिलिंडरमध्ये कपभर पाणी गेलं तरी ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. डिफरन्शियलचे, म्हणजे ॲक्सलमधल्या गिअरच्या डब्याचे, ब्रीदर (हवा आत-बाहेर जायच्या नळ्या) वर घेतलेत का ते बघा, नाहीतर तापलेला डिफ थंड पाण्यात गेला की पाणी आत ओढतो. आणि वाहतं पाणी दोन फूट असेल तर मोठमोठ्या गाड्याही उचलल्या जातात, टायर कितीही जाड असू द्या. वळा मागे.

वजन मात्र कागदावर मांडा. पाच माणसं धरा ३७५ किलो. १०० लिटर पाणी, १०० किलो. दोन कॅन डिझेल, ३५ च्या आसपास. लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढायचा दोरखंडाचा रहाट), टपावरचा रॅक नि त्यावरचा पसारा, दीडशे कुठे गेले कळत नाही. झाले की साडेसहाशेच्या वर, आणि बऱ्याच गाड्यांचा पेलोडच, म्हणजे पेलायची वजनमर्यादाच, तेवढी असते. पाटे बसले, ब्रेक लांबले. म्हणून आधी ठरवा किती जण आणि किती लांब, मग बंपर. रेंजही तशीच काढा, ७० सीरिजच्या ट्रूप कॅरिअरला दोन टाक्या मिळून १८० लिटर येतात, लिटरला ८ किलोमीटर धरले तर चौदाशे किलोमीटर, पण चिखलात लो रेंजला, म्हणजे हळू पण जोरदार ओढणाऱ्या गिअरला, तोच आकडा निम्म्यावर येतो.

टायर जे कुठेही मिळतात त्या मापाचे, स्टेपनी पूर्ण साइजची. पार्ट टाइम फोर बाय फोर, म्हणजे गरजेपुरती चारही चाकं जोडणारी, कोरड्या डांबरावर लावून फिरू नका. विषय संपला.

बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा, इंजिन गार ठेवा. गेल्या गेल्या बॉनेटवर हात. कोमट लागलं तर समजा आधी चालू करून ठेवलीय, नंतर परत या. गार इंजिनाला पहिला धूर पांढरा येऊन लगेच विरला तर ठीक, निळा राहिला तर ऑइल खातंय. मग खाली वाका आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं चासी ठोकत जा, टणटण आवाज हवा, थपथप आला की आत गंज आहे. इंजिन बदलता येतं हो, सडलेली चासी घेऊन काय करणार.

बरं, आता हिच्याकडे. पाच लिटर ओतलंय. हा दहाचा पाना, फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल, आणि हा हातपंप दाबायचा. बघा, फेस येतोय, ही सगळी टाकी कोरडी पडल्यावर डिझेलच्या नळीत धरलेली एअर, ती काढल्याशिवाय गाडी लागत नाही. दाबत राहा... फुसफुस... अजून बुडबुडे... आता बुडबुडा नाही, सलग धार. स्क्रू घट्ट. आता सतराचा पाना, नोझलवरचे नट जरा सैल, सेल्फ मारा कोणीतरी. थांब, थांब! उडालं शर्टावर. आलं डिझेल. नट घट्ट, फडकं दे इकडे. हीटरचा, म्हणजे सिलिंडर तापवणाऱ्या ग्लो प्लगचा, दिवा विझू दे.

मार.

धड, धड... दोनच सिलिंडर... तीन... थांब, पाय काढू नकोस... हां, लागली.