अर्ध्या मीटरचा झोका

(दृश्य: शटर वर जातं. गाडी मागून, जमिनीलगतच्या कॅमेऱ्यातून.)

मागची चाकं बघा. दोन्ही वरच्या बाजूनं आत कललेली, फतकल मारून बसल्यासारखी. ही १९६८ ची ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क ३. आधीच्या कुणीतरी हौसेनं खाली बसवलेली. दिसते झकास, त्याबद्दल वाद नाही. पण चाकाला कोनमापक टेकवलं की आकडा येतो उणे ६ अंश; उणे म्हणजे वरून आत. टायरवर आडवी ओढलेली खडूची रेघ दहा-बारा फेऱ्यांत फक्त आतल्या काठाला पुसली गेलीय. बाकीचा टायर नुसता सोबतीला.

(दृश्य: गाडी स्टँडवर, चाकं उतरवलेली.)

चाकं उतरवली की मर्म उघडं पडतं. मधे डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी. तिच्या दोन्ही अंगांना एकेक क्रॉस, म्हणजे फिरता फिरता वाकू शकणारा सांधा, आणि तिथून चाकापर्यंत सरळ दांडा. चाकापाशी दुसरा क्रॉस नाही. म्हणजे दांडा कलला की चाकही तेवढंच कलणार, बिजागरीवरच्या दारासारखं. दांडा अर्धा मीटर धरा. चाक २५ मिलिमीटर वर सरकलं की जवळजवळ ३ अंशांचा फरक पडतो. ही गाडी ५० मिलिमीटर खाली आहे. हिशेब तुम्हीच करा.

ट्रायम्फनं हा स्विंग ॲक्सल १९५९ च्या हेराल्डला दिला. साधा आणि स्वस्त. हेराल्डचीच चासी आखूड करून, जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी रेखलेलं अंग वर चढवून १९६२ मध्ये स्पिटफायर आली. मागचा ॲक्सल तसाच सोबत आला, आणि त्याची खोडही.

(दृश्य: मेकॅनिक हातानं दांडा खाली सोडतो, पुन्हा वर उचलतो.)

खोड अशी. वळणावर बाहेरच्या टायरवर आडवा जोर येतो. तो दांड्यातून क्रॉसकडे जातो आणि गाडीचं बूड वर ढकलतो. त्यात ड्रायव्हरनं घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे पळतं, मागची बाजू आणखी उचलली जाते, चाक खालून आत दुमडतं आणि गाडी गर्रकन फिरते. गाडी खाली बसवणं म्हणूनच अगदीच चुकीचं नव्हतं. क्रॉस खाली येतो, ढकलणं कमी होतं. चुकलं ते प्रमाण.

इथं बरेच जण ग्राइंडर उचलतात. चासी कापायची आणि दुसऱ्याच गाडीचं सस्पेन्शन जोडायचं. आम्हाला ते पटत नाही. तोडगा कारखान्यानंच काढून ठेवलाय. स्पिटफायरच्याच बहिणीला, छप्परबंद जीटी६ ला, १९६८ मध्ये खालून विशबोन मिळाला, म्हणजे चाकाला खालून धरणारा दुसरा हात. स्पिटफायरच्या नशिबी तो नव्हता; तिला १९७० च्या मार्क ४ मध्ये वेगळी स्प्रिंग मिळाली.

(दृश्य: सीटमागचं झाकण उघडतं. पाटे वरून दिसतात.)

सीटच्या मागचं हे झाकण काढलं की स्प्रिंगचे आडवे पाटे समोर. खाली डिफरन्शियल, आणि दोघांच्या मधे तो ॲल्युमिनियमचा जाड ठोकळा. पाटे ठोकळ्यानं वर उचलले, म्हणून चाकं वर गेली आणि गाडी खाली आली. नट सैल होतात. टोकं सोडवताना सांभाळून, पाट्यात ताण असतो. जॅकवर हळूहळू उतरवायचं. ठोकळा निघाला.

आता मार्क ४ चे पाटे. जुन्यात सगळा जुडगा डिफरन्शियलवर घट्ट आवळलेला असे. यात बहुतेक पाटे मधल्या पेटीत झोका घेऊ शकतात. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर ताकद पूर्वीसारखीच. गाडी एका अंगाला कलली तर मागची बाजू नरम. त्यामुळे पुढचा अँटी-रोल बारही, म्हणजे गाडीचं कलणं रोखणारी आडवी सळई, जाड घ्यावा लागतो. तो बसवताना कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती. बसवलाय, एवढं सांगतो.

(दृश्य: सीटवर वाळूच्या गोण्या. गाडीच्या दोन्ही बाजूंना ताणलेला दोरा.)

मोजायचं रिकाम्या गाडीवर नाही. दोन माणसांच्या वजनाच्या गोण्या सीटवर. मग गाडी पुढे-मागे ढकलून पाटे सैलावू द्यायचे. आता टो, म्हणजे वरून पाहिलं तर चाकाचं तोंड किती आत-बाहेर वळलंय ते. चाकाला धरून पुढे सीटमागच्या पत्र्यापर्यंत गेलेला हा दांडा चाकाला मागे-पुढे ठेवतो. उंची बदलली की तो चाकाला थोडं खेचतो आणि चाकाचं तोंड वळतं. म्हणून पत्र्यापाशी शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालायचे, काढायचे. दोऱ्यापासून रिमच्या पुढच्या कडेचं अंतर, मागच्या कडेचं अंतर. एक शिम काढला. पुन्हा ढकला. पुन्हा मोजा. सकाळचं ऊन दारातून आत येऊन परत बाहेर गेलं.

गोण्यांसकट उणे २ अंश. आधीइतकी रुबाबदार दिसत नाही, आणि आखूड शॉक ॲब्सॉर्बर अजून खडबडीत रस्त्यावर आपटतात. ते नंतर.

(दृश्य: मोकळा रस्ता, एक लांब वळण. मग गाडी थांबते. टायर जवळून.)

नवी खडूची रेघ. आतून पुसलीय, मधे पुसलीय. बाहेरच्या काठाला बोटभर पांढरं अजून शिल्लक.