पासंग, शिक्का आणि चंद्र

(ठाण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. माझे वडील वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात मापाडी होते. शाळेला सुट्टी असली की मी ठाण्याहून त्यांच्याबरोबर जायचो. पहिलं पोतं काट्यावर चढण्याआधी ते रिकाम्या पारड्यांकडे बघत उभे राहायचे. दांडी एका बाजूला किंचित झुकलेली दिसली, की दुसऱ्या बाजूला सुतळीनं एखादा लोखंडाचा तुकडा बांधायचे. तो पासंग. आणि ठरावीक मुदतीनं वजनमापे निरीक्षकांकडून वजनं तपासून घ्यावी लागत. लोखंडी वजन उलटं केलंत तर त्याच्या बुडाशी एक खळगा दिसेल, त्यात शिसं भरलेलं असतं. वापरून वजन झिजतं, मग शिसं घालून ते पुन्हा बरोबर करायचं आणि त्या शिशावर नवा शिक्का मारायचा.

पुढे तीस वर्षं मी उपग्रहांवरच्या कॅमेऱ्यांसाठी हेच काम केलं. शास्त्रीय मराठीत त्याला अंशांकन म्हणतात, आम्ही आपापसात कॅलिब्रेशनच म्हणतो. आमचा काटा जमिनीपासून सातशे किलोमीटर उंच असतो आणि एकदा वर गेला की त्याला कुणाचा हात लागत नाही.

उपग्रह फोटो पाठवतो असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात खाली येतात ते आकडे. लँडसॅट-८ हा जमिनीची चित्रं घेणाऱ्या अमेरिकी मालिकेतला उपग्रह. त्याच्या मुख्य कॅमेऱ्यात प्रत्येक रंगपट्ट्यासाठी उजेड मोजणारे सुमारे ७,००० संवेदक ओळीनं बसवलेले आहेत. एकाच कारखान्यातून आले तरी दोन संवेदक अगदी सारखे नसतात. सगळ्यांना एकाच मापानं मोजलं तर चित्रावर रेघोट्या उमटतात. म्हणून आधी पासंग. झडप बंद करून संपूर्ण अंधार दाखवायचा. अंधारातही संवेदक शून्य सांगत नाही, काहीतरी आकडा देतोच. तो प्रत्येकाचा वेगळा वजा करायचा. हे काम रोज चालतं.

पासंग झाला, आता वजन हवं. अवकाशात नेमक्या तेजाची वस्तू कुठून आणायची? सूर्य आहे, पण त्याच्याकडे थेट पाहिलं तर कॅमेरा दिपून जाईल. म्हणून उपग्रहावर एक पांढरी पट्टी असते. ऊन तिच्यावर पडून सगळीकडे सारखं पसरतं आणि कॅमेरा ती पट्टी बघतो. आता घरातल्या पांढऱ्या कापडाचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. उन्हात वाळत घालून घालून ते पिवळं पडतं. या पट्टीचंही तेच होतं. अतिनील किरणांनी ती हळूहळू पिवळसर होते आणि निळ्या रंगात तिचं तेज सगळ्यात जास्त उतरतं. म्हणजे वजनच झिजतं.

टेरा नावाचा उपग्रह डिसेंबर १९९९ मध्ये गेला. त्यावरच्या मोडिस या उपकरणात अशी पट्टी आहे, तिच्यापुढे एक दार आहे. मापन करायचं तेव्हाच दार उघडायचं, एरवी बंद, म्हणजे पट्टीला ऊन कमी लागेल. मे २००३ मध्ये ते दार नीट चालेना. उपग्रह चालवणाऱ्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. दार उघडझाप करत राहिलं आणि एखाद्या दिवशी बंद अवस्थेत अडकलं, तर सूर्याचं वजन कायमचं गेलं. उघडं ठेवलं तर पट्टी रोज भाजणार. त्यांनी जुलै २००३ पासून दार कायमचं उघडं ठेवलं. पट्टी अपेक्षेप्रमाणे वेगानं झिजू लागली, पण ती किती झिजते हे मोजणारं वेगळं यंत्र शेजारीच असल्यामुळे हिशेब ठेवता आला. माझ्या मते तो निर्णय शहाणपणाचा होता. झिजणारं वजन चालतं, फक्त झीज किती ते माहीत असावी लागते.

पण झीज मोजणारं ते यंत्र तरी कशावरून बरोबर? इथे चंद्र कामाला येतो. तिथे हवा नाही, पाऊस नाही, गवत उगवत नाही. त्याच्या पृष्ठभागाची परावर्तनाची क्षमता वर्षाला दहा कोटीत एक भाग इतकीही बदलत नाही. आपल्याला कलेकलेनं बदलणारा चंद्र या कामात सगळ्यात स्थिर वस्तू आहे, याचं मला आजही नवल वाटतं. अर्थात कला, अंतर, चंद्राचं किंचित डोलणं, हे सगळं हिशेबात धरावं लागतं. त्यासाठी अमेरिकेत फ्लॅगस्टाफ इथे शास्त्रज्ञांनी अनेक वर्षं दुर्बिणीतून चंद्राचं तेज मोजून गणिती नमुना बांधला. समुद्राचा रंग बघणारा सीविफ्स हा उपग्रहावरचा कॅमेरा १९९७ ते २०१० या काळात दर महिन्याला पृथ्वीकडची नजर वळवून चंद्राकडे बघत असे. तेही ऐन पौर्णिमेला नव्हे, थोडं आधी किंवा नंतर. ऐन पौर्णिमेला चांद्रमातीच्या कणांच्या सावल्या कणांमागेच लपतात आणि तेज एकदम उसळतं. वजन असं उसळून चालत नाही.

जमिनीवरही आमची वजनं आहेत. कच्छच्या रणात आम्ही सकाळी साडेदहाच्या सुमाराला उभे असायचो, कारण असे पुष्कळ उपग्रह त्याच वेळेला डोक्यावरून जातात. हातात प्रकाशमापक, अंगात काळे कपडे. पांढरा शर्ट घातला तर त्यावरून परतलेला उजेड मापात शिरतो. सावली पडू नये म्हणून कुठल्या बाजूला उभं राहायचं तेही ठरलेलं. उपग्रह जायला काही सेकंद लागतात, त्यासाठी पहाटेपासून तयारी. समुद्रासाठी लक्षद्वीपमधलं कवरत्ती आहे. समुद्राचं काम सगळ्यात नाजूक. वर पोचणाऱ्या प्रकाशातला साधारण नव्वद टक्के हवेनं विखुरलेला असतो, पाण्याचा जेमतेम दहा टक्के. कॅमेऱ्यात एक टक्का चूक झाली की पाण्याच्या हिशेबात दहा टक्के चूक. त्याच मोजमापांवरून हैदराबादची इन्कॉईस ही संस्था मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे ते कोळी बांधवांना कळवते. सल्ला चुकला तर होडीतलं डिझेल फुकट जळतं.

आता माझी चूक सांगतो. ठाणे खाडीच्या खारफुटीचा मी बारा वर्षांचा आलेख काढला होता. हिरवाई थोडी थोडी, पण सतत उतरत होती. ऐरोलीच्या पुलावरून रोज ती खारफुटी बघणारा मी, मला ते पटकन खरं वाटलं. भराव, सांडपाणी, कारणं तर डोळ्यांसमोर होती. मी लेख लिहायला घेतला. एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं विचारलं, "लिबियाच्या वाळवंटाचा आलेख काढलास का?" काढला. जिथे हिरवं पान नाही, तिथेही आकडे तसेच सरकत होते. उतरत होता तो कॅमेरा. दुरुस्त आकडे घेऊन पुन्हा आलेख काढला, तो जवळजवळ सपाट आला. लेख मी फाडला. टेराच्या मोडिसबाबतही असं झालं आहे. त्याच्या माहितीच्या पाचव्या आवृत्तीत वनस्पती कमी होताना दिसत होत्या, त्यातला काही भाग संवेदकाच्या झिजेचा निघाला आणि सहाव्या आवृत्तीत तो सुधारला. खाडीवर संकट नाही असं मी म्हणत नाही. संकट आहे म्हणूनच त्याचं माप कुणाला खोडता येऊ नये, असं मला वाटतं.

याच कारणासाठी मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा मागतो: जुना उपग्रह जिवंत असतानाच नवा वर गेला पाहिजे. हे आपल्याकडच्या लोकांनी फार पूर्वी ओळखलं होतं. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीचं चुंबकत्व मोजलं जात होतं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या विजेनं चुंबकसुयांचं माप बिघडणार हे उघड होतं. वेधशाळेचे प्रमुख नानाभॉय मूस यांनी १९०४ मध्ये काम अलिबागला नेलं, पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं. त्यामुळे दोन जागांमधला फरक नेमका कळला आणि कुलाब्याची नोंद अलिबागच्या नोंदीला जोडता आली. ती आजही चालू आहे, आणि ती सांभाळणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था इथून जवळच, नवीन पनवेलला आहे.

लँडसॅटचा धागा मात्र तुटता तुटता राहिला. मे २००३ मध्ये लँडसॅट-७ मधली आरशांची एक जोडी बंद पडली आणि प्रत्येक चित्राचा सुमारे २२ टक्के भाग जाऊ लागला. १९८४ साली सोडलेला लँडसॅट-५ म्हाताऱ्या बैलासारखा ओढत राहिला, नोव्हेंबर २०११ मध्ये त्याचा कॅमेराही थांबला. लँडसॅट-८ फेब्रुवारी २०१३ मध्ये गेला. मधले पंधरा महिने त्या मालिकेत पट्टे पडलेला लँडसॅट-७ एकटाच होता. मार्च २०१३ मध्ये नवा उपग्रह जुन्याच्या खालून नेला गेला, दोघांनी थोड्याच वेळाच्या अंतरानं तीच जमीन पाहिली आणि जुन्या काट्याचं माप नव्या काट्यावर उतरलं. मग लँडसॅट-८ वर चढून आपल्या ठरलेल्या कक्षेत गेला.